शहराला तिकीट लावून घर वाचत नाही

२५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसमध्ये शिरायला तिकीट लागतं. वर्षभर नाही. पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस. गर्दीच्या तारखा नगरपालिका आधी जाहीर करते. त्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात जो फक्त दिवसभरासाठी येईल त्याने पाच युरो भरायचे, २०२५ पासून ऐनवेळी ठरवलं तर दहा, आणि फोनवरचा कोड तपासनिसाला दाखवायचा. संग्रहालयाला तिकीट असतं, किल्ल्याला असतं, राजवाड्याला असतं. पण जिथे माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, म्हातारे औषधं आणायला खाली उतरतात, अशा अख्ख्या वस्तीला तिकीट लागलं तेव्हा जगभर त्याची बातमी झाली.

आपल्याकडे त्यावर दोन प्रकारची मतं ऐकू आली. एक म्हणजे ‘बरं झालं, गर्दीला आळा बसेल.’ दुसरं, ‘ही लूट आहे, आधीच व्हिसाचा खर्च काय कमी आहे?’ मला दोन्ही अपुरी वाटतात. माझ्यासारख्या हिंडणाऱ्या माणसाला अडवण्याचा, थांबवण्याचा, मर्यादा घालण्याचा शहराला पूर्ण अधिकार आहे, असं मी मानते. पण तो अधिकार व्हेनिसने चुकीच्या जागी वापरला. गर्दी रस्त्यावर दिसते, म्हणून इलाजही रस्त्यावर केला जातो. शहर रिकामं होतं ते मात्र घरांतून.

व्हेनिसच्या मूळ बेटांवर १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. सगळा दोष पर्यटनाचा नाही. भिंतींतली ओल, १९६६ चा मोठा पूर, समोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रेतली स्वस्त आणि कोरडी घरं, मारघेराच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या, या सगळ्यांनी माणसं ओढून नेली. पण गेलेल्या माणसांची घरं पुन्हा दुसऱ्या रहिवाशांना मिळाली नाहीत, हे काम पर्यटनाने केलं. रियाल्टो पुलाजवळ कांपो सान बार्तोलोमेओ नावाच्या चौकात एक औषधांचं दुकान आहे. तिथल्या काचेत २००८ पासून बेटावरच्या रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावलेला आहे. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्या, असं तिथल्या नागरिकांच्या एका गटाने मोजून दाखवलं. म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसामागे पाहुण्यासाठी एक खाट आणि वर काही शिल्लक.

हे आकडे वाचले, तरी प्रत्यक्षात काय दिसतं ते वेगळंच असतं. सकाळी लवकर कास्तेल्लो भागात, विया गारिबाल्दीच्या टोकाला कालव्यात भाजीची नाव लागलेली असते. बायका पिशव्या घेऊन येतात, भाजीवाल्याशी बोलत उभ्या राहतात. सफाई कामगार हातगाड्या ढकलत दारोदार कचरा गोळा करतात, कारण तिथे गाडी जाऊ शकत नाही. मुलं दप्तरं घेऊन पुलांच्या पायऱ्या चढतात-उतरतात. हे शहर जिवंत आहे, याची खात्री पटते. तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर सान मार्कोचा चौक. अकरा वाजता तिथे पोचलात तर त्याच शहरात रहिवासी शोधावा लागतो. दुकानांत मुखवटे आणि काचेच्या वस्तू. बूट सांधणारा, बटणं विकणारा, कुलूप दुरुस्त करणारा कुठे दिसत नाही. ज्या शहरात किल्ली हरवल्यावर कुणाकडे जायचं हे सांगता येत नाही, तिथे राहायचं कसं?

आता तिकिटाकडे पुन्हा पाहू. हे पाच युरो कुणी भरायचे? जो सकाळी आगगाडीने येतो, चौकात उभा राहून सँडविच खातो आणि संध्याकाळी परत जातो, त्याने. जो बेटावर मुक्काम करतो त्याला हे तिकीट माफ आहे, कारण तो निवासकर वेगळा भरतो. हिशेबाच्या वहीत हे बरोबर बसतं. पण शहराच्या दृष्टीने कोणाचा भार जास्त? दिवसा येणारा गल्ली अडवतो, बोटीत जागा व्यापतो, स्वच्छतागृहासमोर रांग वाढवतो. त्रास होतो, हे खरंच. तरी अंधार पडला की तो गेलेला असतो. मुक्कामाचा पाहुणा ज्या सदनिकेत झोपतो, त्या सदनिकेत एके काळी कोणीतरी राहत होतं आणि आता तिथे कोणी राहू शकत नाही. पहिल्यावर तिकीट आणि दुसऱ्याला मोकळीक, म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

पहिल्या वर्षी या तिकिटातून सुमारे चोवीस लाख युरो जमले. गर्दीत म्हणावी तशी घट झाली नाही. होणार कशी? विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल एवढं सगळं भरून युरोपात पोचलेला माणूस पाच युरोसाठी व्हेनिस सोडत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, थोड्या दिवसांसाठी पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर दिवसांची मर्यादा घालण्याचा खास अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ मध्येच व्हेनिसला दिला होता. तिकीट सुरू झालं तेव्हा नगरपालिकेने तो वापरलेला नव्हता. घरमालक मतदार असतात, दिवसभराचा पाहुणा नसतो. यापलीकडे मला दुसरं कारण दिसत नाही.

बार्सेलोनाने उलटा रस्ता धरला. जुलै २०२४ मध्ये वाढत्या पर्यटनाविरुद्धच्या तिथल्या मोर्चात काही जणांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. आपल्या वाहिन्यांवर तेवढंच दाखवलं गेलं, ‘पर्यटकांचा द्वेष’ म्हणून. मोर्च्यातल्या लोकांची मूळ तक्रार घरभाड्याची होती. त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे जूनमध्ये, महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं होतं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-सदनिकांपैकी एकाचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवला जाणार नाही. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी दिलेलं कारण. ज्या कातालान (बार्सेलोनाच्या प्रांताच्या) कायद्यावर हा निर्णय उभा आहे तो मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने वैध ठरवला.

या निर्णयाचं मोल बार्सेलोनेता भागात फिरल्यावर कळतं. अठराव्या शतकात वसवलेली ही कोळ्यांची आणि बंदरावर राबणाऱ्यांची वस्ती. मूळ घरांचे पुढे चार-चार तुकडे पडले, एकेक घर तीस-पस्तीस चौरस मीटरचं. आपल्या चाळीतल्या खोल्यांची आठवण व्हावी इतकी दाटी. बाल्कन्यांत कपडे वाळत असतात, आणि मध्येच ‘पर्यटक-सदनिका नको’ असं कातालान भाषेत लिहिलेली कापडं टांगलेली दिसतात. एवढ्याशा घराचं महिन्याचं भाडं एका कुटुंबाकडून जितकं मिळेल, तितकं समुद्राजवळची खोली शोधणाऱ्या पाहुण्यांकडून थोड्या रात्रींत सुटतं. घरमालक वाईट असतो असं मुळीच नाही. पण एवढा मोठा फरक समोर असताना सगळं त्याच्या सद्बुद्धीवर सोडणं हा शहराचा बेजबाबदारपणा आहे.

याच शहरातली एक लहान गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पार्क ग्युएलकडे जाणारी ११६ क्रमांकाची बस म्हणजे चढावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची बस. पर्यटकांनी ती भरून जायला लागली, रहिवाशांना चढता येईना. लोकांनी तक्रारी केल्या आणि २०२४ मध्ये नगरपालिकेने ती बस गूगलच्या नकाशावरून काढून घ्यायला लावली. बस धावतेच आहे, परक्या माणसाच्या फोनवर मात्र दिसत नाही. कोणाला हे लबाडीचं वाटेल. मला ते न्यायाचं वाटतं. पार्कला जायला इतर रस्ते आहेत. त्या आजींना घरी जायला हा एकच.

जपानमधल्या क्योतोतही अडचण बसचीच आहे. कियोमिझु मंदिराच्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये मोठ्या बॅगा घेतलेले आपण उभे असतो आणि थांब्यावर गावातली माणसं पुढच्या बसची वाट पाहतात. जून २०२४ पासून तिथे सुट्ट्यांच्या दिवशी पर्यटकांसाठी वेगळ्या जलद बस सुरू झाल्या. गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत शिरलात तर दहा हजार येन दंड, असे फलक लागले. गेइको (पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) कामावर जायला निघाल्या की त्यांच्या तोंडासमोर कॅमेरे धरण्याचा प्रकार इतका वाढला होता की हे करावंच लागलं. मात्र क्योतोने त्याआधीच केलेली एक गोष्ट कमी बोलली जाते. जपानच्या २०१८ च्या कायद्यानुसार राहत्या घरात वर्षाला १८० दिवसांपर्यंत पाहुणे ठेवता येतात. क्योतोने केवळ निवासी असलेल्या भागांत ही मुभा जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे कडक थंडीच्या दोन महिन्यांपुरती ठेवली. चेरी फुलतात तेव्हा आणि पानं लाल होतात तेव्हा तिथली घरं घरंच राहतात.

यावर एक सबळ आक्षेप आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यावर कडक नियम लावले. यजमान स्वतः घरात हवा, नोंदणी हवी, पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. हॉटेलं महागली, आणि घरभाडी काही स्वस्त झाली नाहीत. मग मिळवलं काय, असं विचारणारे चुकीचं विचारत नाहीत. भोक बुजवलं म्हणून टाकी भरत नाही, वरून पाणीही यावं लागतं. ते पाणी कुठून येतं हे पाहायचं असेल तर व्हिएन्नाला जावं.

व्हिएन्नाला जाणारा माणूस श्योनब्रुन राजवाडा पाहतो, रिंगमार्गावरून ट्रामने फिरतो, कॉफी पितो आणि साल्झबर्गकडे निघतो. यू-चार ही मेट्रो राजवाड्याजवळूनच जाते. तिच्यात बसून शेवटच्या स्थानकावर, हायलिगेनश्टाटला उतरावं. समोर कार्ल-मार्क्स-होफ उभा आहे. १९३० मध्ये उघडलेली ही इमारत एक किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि मुळात तिच्यात १,३८२ घरं होती. प्रचंड कमानी, आतल्या अंगाला मोकळ्या बागा, धुलाईघर, बालवाडी, दवाखाना. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीतून गेलेल्या शहराने हे बांधलं. १९२३ मध्ये गृहनिर्माण कर बसवला, जितकं आलिशान घर तितका चढा दर. त्या पैशांतून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या. आज नगरपालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत, आणि सहकारी व अनुदानित घरं धरली तर जवळपास निम्मं शहर अशा घरांत राहतं.

व्हिएन्नात पर्यटक कमी येतात असं समजू नका. २०२४ मध्ये तिथे जवळजवळ एक कोटी नव्वद लाख मुक्काम-रात्री नोंदल्या गेल्या, आणि शहराची वस्ती वीस लाख. पण त्या इमारतीच्या बागेत बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका आणि सायकली टाकून खेळणारी पोरं पाहताना मला तिथे कुठेही ते ताणलेलं, वैतागलेलं वातावरण जाणवलं नाही, जे बार्सेलोनात पावलोपावली जाणवतं. रहिवाशाला ठाऊक आहे की पाहुणा आपलं घर घेऊन जाणार नाही. नगरपालिकेचं घर पर्यटकाला देताच येत नाही. खासगी घरांवरही जुलै २०२४ पासून वर्षाला ९० दिवसांची मर्यादा आली. सिंगापूरमध्येही असंच काही पाहायला मिळतं. तिथे खासगी घरसुद्धा तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही आणि बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. म्हणून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या सार्वजनिक जागेत, पर्यटक आणि कामावरून परतणारा माणूस एकाच टेबलावर शेजारी शेजारी जेवतात आणि कोणाला कोणाचा राग येत नाही. घर सुरक्षित असलं की माणूस पाहुणचार करू शकतो. आपल्या आतिथ्याच्या सगळ्या जुन्या कल्पनाही स्वतःचं घर असलेल्या माणसाच्याच आहेत.

भारतीय वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो, आणि तो मी फार गंभीरपणे घेते. १९५० मध्ये जगभरात मिळून अडीच कोटी लोकांनी देशाची सीमा ओलांडून पर्यटन केलं. ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले होते. २०२४ मध्ये हा आकडा १४० कोटींच्या आसपास पोचला, त्यात भारतातून गेलेले सुमारे तीन कोटी. आयुष्यभर बँकेत किंवा शाळेत नोकरी करून निवृत्तीनंतर पहिल्यांदा विमानात बसलेले कितीतरी मराठी काका-काकू त्यांत असतात. इतकी वर्षं गोऱ्यांनी जग पाहिलं, आता आमची पाळी आली तर दार लावता का? हा संताप रास्त आहे. आपल्याला शेंगेन व्हिसासाठी नव्वद युरो भरावे लागतात, बोटांचे ठसे द्यावे लागतात, बँकेची खाती उघडी करावी लागतात. अमेरिकन माणसाला व्हिसाच लागत नाही. दारावरचं तिकीट ही याच अन्यायाची पुढची पायरी आहे. पाच युरोंनी गर्दी हटत नाही म्हटल्यावर उद्या कोणी पन्नास करील, आणि तेव्हा पहिल्यांदा गळेल तो नागपूरचा निवृत्त मास्तर. श्रीमंताला फरक पडणार नाही.

म्हणूनच घरांवरची मर्यादा मला जास्त न्यायाची वाटते. तिचा बोजा पडतो तो तीन-तीन सदनिका राखून असलेल्या मालकावर. हॉटेलं महागतात, हे खरं. त्यामुळे कमी रात्री किंवा कमी शहरं परवडतील. पण परवडतील त्या शहरात माणसं असतील. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत व्हेनिस तीन तासांत उरकतात. बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर लावायची, बोटीने सान मार्को गाठायचं, फोटो काढायचे, आणि मुक्कामाला मेस्त्रेकडे किंवा त्याहून लांब. दोन आठवड्यांत सात-आठ देश पाहिले, असं सांगता येतं. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवले त्यांना कमीत कमी वेळात जास्तीत जास्त दाखवणं, हे सहल कंपन्यांना त्यांच्या भल्याचं वाटतं. मला ती त्यांची फसगत वाटते. तेवढ्याच दिवसांत दोन देशांतली तीन शहरं पाहिली, तर ती भाजीची नावही दिसते.

गर्दी हेच संकट असेल तर पंढरपूर कधीच मोडून पडलं असतं. २०११ च्या जनगणनेत जेमतेम लाखभर वस्ती असलेल्या या गावात आषाढीला लाखो वारकरी उतरतात. मठ, धर्मशाळा, राहुट्या, चंद्रभागेचं वाळवंट, लोकांच्या ओसऱ्या, सगळं भरतं. हाल होतात, अस्वच्छता होते, गावकरी दमतात. पण काल्यानंतर पालख्या परत फिरतात आणि घरं ज्यांची त्यांची राहतात. पंढरपुरात आज जी अस्वस्थता आहे ती वारीची नसून मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरसाठी घरं-दुकानं जातील या भीतीची आहे. इथेही मुद्दा घराचाच.

आणि गोव्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्यापुरता पुरा होत नाही, कारण तिथे पाहुणा आपण असतो. सोळा लाखांच्या आत-बाहेर वस्ती आणि २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक पर्यटक. पणजीच्या फोंताईन्हासमध्ये लोकांनी दारांवर ‘फोटो काढू नका’ असे फलक लावले, कारण सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणीतरी पोज देऊन बसलेलं असतं. हे डोळ्यांना दिसणारं दुखणं. न दिसणारं आसगाव, शिवोली, हणजूणकडे आहे. मुंबई, पुणे, दिल्लीकडची माणसं जुनी घरं आणि नव्या व्हिला घेऊन ठेवतात, स्वतः वर्षातून थोडे दिवस राहतात आणि उरलेले दिवस त्या पाहुण्यांना देतात. गावातल्या नव्या जोडप्याला त्याच गावात घर घेणं आवाक्याबाहेर जातं. मोठ्या गृहप्रकल्पांना तिथल्या ग्रामसभा विरोध करतात तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं जातं. मला त्या आज गोव्यातल्या सगळ्यात शहाण्या सभा वाटतात.

गोव्याने सीमेवर तिकीट लावावं, अशी सूचना अधूनमधून होते. ते करू नये. त्याने सावंतवाडीहून एका दिवसासाठी येणारं कुटुंब थांबेल, व्हिलावाला थांबणार नाही. गावागावात किती घरं राहती आहेत, किती बंद आहेत आणि किती पाहुण्यांसाठी चालतात, एवढं आधी मोजावं आणि पंचायतीच्या फलकावर लावावं. घरपट्टीच्या नोंदी पंचायतींकडे आहेत, पाहुण्यांसाठी नोंदवलेल्या घरांची यादी पर्यटन खात्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की नोंद न करता चालणारी घरंही सापडतील. मग एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, पाहुण्यांच्या घरांचं प्रमाण किती असावं, हे ग्रामसभेने ठरवावं आणि त्यापुढचा परवाना सरकारने देऊ नये.